दैत्याचं मागणं

आप्पा, थॉर्नबी तुमच्या दैत्यापेक्षा वाईट होता, हे मी अजूनही म्हणते. तुम्ही 'न्हाय' म्हणत होतात, मी 'हो' म्हणत होते, तेवढ्यात घाण्याचा बैल थबकला, तुम्ही उठलात आणि आपलं बोलणं अर्धं राहिलं. मग ते अर्धंच राहिलं.

परवा आबांचं पत्र कॉलेजच्या हॉस्टेलवर आलं. माझ्या वडिलांचं अक्षर ठसठशीत, ओळी सरळ. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'शिवलिंगआप्पा तेली सोमवारी सकाळी गेले.' मी पत्र दुमडलं, वर्गात गेले आणि तासभर फळ्याकडे पाहत बसले. हैदराबादच्या या मुलींना काय सांगणार? आमच्या गावचा दैत्य वारला, असं?

तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्यांनी आपलं गाव पाहिलेलं नाही. अणदूरपासून दोन कोसांवर, खंडोबाचं लहानसं देऊळ असलेलं. देवानं मारलेले मणी आणि मल्ल हे दोन दैत्य. आपल्या गावात मात्र दोघांचा मिळून एकच दैत्य, कारण सोंग धरणारा माणूस एक. देवाचा खांडा धरायचा मान आमच्या पाटलाच्या घरचा, आणि दैत्याचं सोंग धरायचा मान तुमच्या घरचा. तुमच्या आजोबांपासून चालत आलेला. मार्गशीर्ष उजाडला की पहिले पाच दिवस तुम्ही दाढी करायची नाही, कोणाच्या ओट्यावर टेकायचं नाही. बायका पोरांना तुमच्या वाटेतून ओढून न्यायच्या आणि ओढता ओढता हसायच्या. चंपाषष्ठीला सकाळी तुम्ही तोंड काळं-लाल रंगवून, शिंगं बांधून देवळापुढं यायचात. आबा खांडा घेऊन उतरायचे. तीन फेऱ्या लढाई व्हायची. तिसऱ्या फेरीला तुम्ही धाडकन पायरीवर पडायचात, इतके खरे की दर वर्षी एखादी नवी सून किंचाळायची.

मग आबा तुमच्या छातीवर पाय टेकवल्यासारखा करून विचारायचे, "माग दैत्या, काय मागतोस?" असं तीनदा. तिसऱ्यांदा विचारल्यावर तुम्ही म्हणायचात, "तुझ्या पायरीशी जागा दे." आबा म्हणायचे, "दिली." की भंडारा उधळायचा, येळकोट घुमायचा. दैत्यानं मरताना जे मागितलं ते देवानं द्यायचंच, नाही म्हणायची सोय देवालासुद्धा नाही, असा आपल्याकडचा रिवाज. आणि गावातलं भरीत-रोडग्याचं पहिलं ताट देवाच्या नैवेद्यानंतर तुमचं. चार महिने वांग्याला शिवलेलं नसायचं कोणी. "मरायचं ते भरतापायी," असं तुम्ही म्हणायचात.

लहानपणी मी तुम्हाला भ्यायचे. मग मला हैदराबादला मिशनच्या शाळेत बोर्डिंगात ठेवलं आणि मी सगळ्यांनाच भ्यायला लागले. सुटीत घरी आले की मराठी अडखळायची. बोलले तर हसतील, म्हणून गप्प बसायचं. गप्प बसले की लोक म्हणायचे, पाटलाची लेक मिजासखोर. तुम्हीच एकटे 'मड्डम' म्हणून तोंडावर चिडवायचात, त्यामुळे तुमच्याशी बोलणं सोपं होतं.

त्या वर्षी मे महिन्याच्या सुटीत आले ती परत गेले नाही. लोहाऱ्याचं स्थळ आलं होतं. त्यांचं म्हणणं, मुलीला इंग्रजी आलं तेवढं पुष्कळ. शाळा सुटायला एकच वर्ष राहिलं होतं. आबा म्हणाले, "बघू. शाळेकडून काही कळलं की बघू." शाळेकडून काही कळत नव्हतं. मी वाट पाहत होते, आणि वाट पाहत असल्याचं कोणाला दिसू देत नव्हते. दुपारी तेलाची बरणी घेऊन तुमच्या घाण्यावर यायचे आणि बरणी भरल्यावरही तिथंच बसायचे. करडईचा तो उबदार, किंचित जळका वास, डोळ्यांवर झापड बांधलेला बैल, आणि घाण्याच्या लाटेवर, म्हणजे बैल ओढतो त्या लाकडावर, बसून फिरत असलेले तुम्ही. तुम्ही माझ्या समोरून जायचात, पाठमोरे व्हायचात, पुन्हा समोर यायचात. अशा माणसाशी बोलणं फार बरं असतं. तो सारखा आपल्याकडं बघत नाही.

"काय वाचायलीस, मड्डम?"

"गोष्ट आहे. इंग्रजी."

"वाचून दावून उपेग काय? सांग की."

म्हणून मी सांगायला लागले. मिस्टर थॉर्नबी नावाचा एक श्रीमंत इंग्रज. त्याच्या घरी त्याची अनाथ भाची राहते. तो तिचा मामा.

तुम्ही बैल थांबवलात. "मामा? मामा असा वागतोय व्हय?"

"पुस्तकात तसंच आहे."

"आसंल. पर ऐकणाऱ्याला पटाय पायजे. चुलता म्हण."

मी चुलता म्हटलं. तुम्हाला ताबडतोब पटलं. त्या दिवसापासून थॉर्नबी चुलता झाला आणि त्याची भाची पुतणी झाली. आजही ते पुस्तक उघडलं तर मला चुलताच दिसतो.

थॉर्नबी कधी ओरडत नाही, हे मी तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं. तो रोज संध्याकाळी घड्याळाला किल्ली देतो. पुतणीला म्हणतो, बाळ, थंडी आहे, शाल घे. आणि तिची पत्रं लपवतो. तिला वाटत राहतं, जगात आपल्याला कोणी विचारत नाही. मला तो भयंकर वाटायचा, कारण तो दिसायला भला होता. तुमचा दैत्य म्हणजे शिंगं आणि मिशा. लांबूनच कळतं की पळायचं. त्यात काय मोठंसं?

तुम्ही एक फेरी पुरी केलीत आणि म्हणालात, "खरं हाय. मला दैत्य व्हायला सकाळधरनं तोंड रंगवत बसावं लागतं. तुझ्या थॉर्नबीला आरसाबी लागत न्हाय."

मला वाटलं, मी जिंकले. पण पुढच्या फेरीला तुम्ही विचारलंत, "त्याला इचारलं का कुणी?"

"काय विचारलं?"

"की बाबा, तुला पायजे तरी काय?"

"दुष्ट माणसाला कशाला विचारायचं?"

"दैत्याला इचारतेत की. देव सोता इचारतो. एकदा न्हाय, तीनदा."

मग मी तुम्हाला आमच्या शाळेतला सैतान सांगितला. बायबलच्या तासाला मिस सांगायच्या, तो आधी देवदूत होता, गर्वानं खाली पडला. तुम्हाला तो ओळखीचाच निघाला. आपल्या मशिदीतल्या मुल्लाजींनी तेल न्यायला आल्यावर तुम्हाला सांगितलं होतं, त्यानं मान वाकवायचं नाकारलं म्हणून. "त्याला पडल्यावर इचारलं का?" हाच तुमचा प्रश्न. मी म्हटलं, नाही, त्याला कायमचं बाहेर काढलं. तुम्ही हळहळलात. "मंग अजून भांडत आसंल बिचारा."

सैतानाला बिचारा म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मिसना हे कळलं असतं तर त्या आजारी पडल्या असत्या.

तुमचं म्हणणं मला आता नीट मांडता येतं, तेव्हा येत नव्हतं. पुस्तकातला दुष्ट छापून झालेला असतो. दहा वेळा वाचा, दहा वेळा तो तीच पत्रं लपवणार. दैत्य मात्र दर साली उठतो, दर साली मरतो आणि दर साली त्याला विचारतात. तुमच्या शब्दांत, "आवंदा त्यो काय म्हनंल, सांगता येतंय का?" मी म्हणायचे, "सांगता येतं की! दर वर्षी तुम्ही तेच म्हणता." तुम्ही हसायचात. "म्या म्हनतो. म्हनायलाच पायजे आसं न्हाय."

हे बोलणं चाललं होतं तेव्हा शाळेचं पत्र कुठं आहे ते मला माहीत होतं. आश्विनात एकदा आबांच्या बैठकीतलं पंचांग आणायला आईनं पाठवलं होतं. पानांत पाकीट होतं, शाळेचा शिक्का असलेलं, फोडलेलं. मी ते वाचलंसुद्धा. जानेवारीपासून जागा आहे, मुलीला पाठवा, असं मोठ्या मिसनी लिहिलं होतं. मी ते होतं तिथं ठेवलं, पंचांग आईला नेऊन दिलं आणि संध्याकाळी आबांना पान वाढलं. बोलले नाही. मी तशीच आहे. मला जे सगळ्यात जास्त लागतं ते मी सगळ्यात खाली ठेवते.

आणि मग माझ्या हातून चूक झाली. तुम्हाला गोष्ट सांगताना मी म्हणाले, "मग शाळेकडून आलेलं पत्र थॉर्नबीनं पंचांगात दडवून ठेवलं."

घाणा फिरत होता. तुम्ही पाठमोरे होतात. समोर आलात तेव्हा हसत नव्हतात.

"इंग्रजाच्या घरी पंचांग आसतं व्हय, मड्डम?"

माझे कान तापले. मी म्हणाले, "म्हणजे... तसलंच एक पुस्तक." तुम्ही मान हलवलीत. "आसंल, आसंल. त्यांचंबी आसंल." आणि बैलाला उगीच हाक मारलीत, तो चालतच असताना. पुन्हा त्याबद्दल एक शब्द नाही. मी घरी आले आणि स्वतःलाच समजावत राहिले की त्यांना काही कळलं नाही. पाच-सहा दिवस तेल संपूनही घाण्यावर आले नाही.

चंपाषष्ठीला मी बायकांच्या घोळक्यात, आईच्या मागं उभी होते. सगळं नेहमीसारखं झालं. तीन फेऱ्या, धाडकन पडणं, नव्या सुनेचं किंचाळणं. आबांनी पाय टेकवला. "माग दैत्या, काय मागतोस?" एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा विचारल्यावर तुम्ही पडल्या पडल्या मोठा श्वास घेतलात. रंगवलेल्या तोंडातून तुमचा रोजचा, घाण्यावरचा आवाज आला.

"पाटलाच्या लेकीला तिच्या शाळंत धाड."

आधी कोणाला कळलंच नाही. लोक येळकोट म्हणायला तोंड उघडून बसले होते. गुरव पुढं झाले, हळूच म्हणाले, "आप्पा, शब्द चुकले. पायरीशी जागा म्हणा."

"शब्द चुकले न्हाईत."

"अहो, पण रिवाज काय—"

"रिवाज मला नगा सांगू, तीस साल मरालोय हितं. दैत्यानं मागितलंय. देवाला इचारा, देतोस का न्हाय."

आता सगळं गाव माझ्याकडं पाहत होतं. आयुष्यात मला जे नको होतं ते हेच. आईनं माझा दंड घट्ट धरला होता, का ते मला आजही माहीत नाही. मला सावरायला की स्वतःला. मी आबांकडं पाहिलं. त्यांचा खांडा खाली आला होता. ते तुमच्याकडं पाहत होते आणि तुम्ही पापणी न हलवता त्यांच्याकडं. छातीवर पाय त्यांचा होता, पण अडकले होते ते. मग आबा म्हणाले, "दिलं."

भंडारा उधळला. तो माझ्या डोळ्यांत गेला, म्हणून मी रडतेय असं मी सगळ्यांना सांगितलं.

आप्पा, त्या दिवशी मला आनंद झाला नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. मला तुमचा राग आला. मी विश्वासानं, नकळत का होईना, एक गोष्ट तुमच्या हाती दिली होती आणि तुम्ही ती अख्ख्या गावापुढं मांडलीत. पत्राचं नाव नाही घेतलंत, एवढंच. जानेवारीत छकडा नळदुर्गकडं निघाला तेव्हा तुम्ही घाण्याच्या दारात उभे होतात. मी पडदा सोडलेलाच ठेवला. पुढं वेशीपाशी आबांनी एक लहान बाटली माझ्या हातात दिली, खोबरेल होतं. "आप्पानं दिलंय. मड्डमच्या डोक्याला, म्हणाला." सोलापूरला रेल्वेत बसेपर्यंत मी ती बाटली हातात धरून होते. वाडी जंक्शनला गाडी बदलताना राग गेला. पण तेव्हा फार लांब आले होते.

पुढच्या चंपाषष्ठीनंतर आईनं कळवलं की सोंग तुमच्या चुलतभावानं धरलं. पंचांनी ठरवलं होतं. दैत्यानं पायरीशी जागा मागितली नाही, मग वर्षभर तो गेला कुठं? गावात मोकळाच फिरतोय? गारा पडल्या, दोन बैल मेले, सगळं त्या मोकळ्या दैत्याच्या नावावर गेलं. तुमच्या घरात तीन पिढ्या चालत आलेला मान भावाच्या दारी गेला. तुम्ही त्या दिवशी माणसांत बसून लढाई पाहिलीत आणि भाऊ नीट पडला नाही म्हणून त्याला ओरडलात, असंही आईनं लिहिलं होतं. ती तुम्हाला हसली असावी. मी हसले नाही.

परीक्षा पास होऊन मी गावी आले, ते गेल्या उन्हाळ्यात. तुमच्या दारावरून जावंच लागतं. तुम्ही ओट्यावर होतात, वाळला होतात.

"मड्डम! त्या थॉर्नबीचं म्होरं काय झालं गं?"

किती सोपं होतं तिथं बसणं. माझ्यामुळं तुमचा मान गेला, हे मनात इतकं मोठं होतं की त्याला ओलांडून एकही शब्द बाहेर येईना. मी म्हणाले, "मग सांगते, आप्पा." आणि चालू लागले. तुमच्याशी मी बोललेलं ते शेवटचं वाक्य.

तर आता सांगते. शेवटी त्याच्या घराला आग लागते. पुतणी वाचते, तो जळून मरतो. दोन ओळींत. पुतणी दूर उभी राहून पाहते आणि पुस्तक संपतं. मी शाळेत ते वाचलं तेव्हा मला फार समाधान झालं होतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आन् इचारलं न्हाय कुणी?" नाही आप्पा. तीनशे पानांत कोणी नाही.

आबांच्या पत्रात आणखी दोन गोष्टी होत्या. तुम्हाला ताप होता तेव्हा ते रोज येऊन बसायचे. शेवटच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारलं, "आप्पा, काही हवं का?" तुम्ही डोळे न उघडता हसलात म्हणे. "माझं मागून झालंय, पाटील."

दुसरी गोष्ट पत्राच्या अगदी खाली होती, सही करायच्या आधी. 'तुझ्या शाळेचं पत्र मी पंचांगात दडवलं होतं. आप्पांना ते कसं कळलं, हे मी त्यांना शेवटपर्यंत विचारलं नाही.'

मी हे वाक्य किती वेळा वाचलं असेल! मी घाण्यावर बसून माझ्या वडिलांना थॉर्नबी केलं होतं. तुम्हाला ते कळलं होतं, आणि तुम्ही मला ते करू दिलं नाहीत. तुम्ही त्यांचं नाव गावापुढं आणलं नाहीत, पत्राचं बोलला नाहीत. त्यांच्या हातात खांडा असताना, ते देव झालेले असताना मागितलंत, म्हणजे त्यांना देता येईल. थॉर्नबी आबांसारखं वाक्य कधी लिहिणार नाही. तो छापून झालाय.

म्हणून तुमच्या दैत्यापेक्षा तो वाईटच, हे माझं म्हणणं कायम. तुम्ही म्हणत होतात ते वेगळंच होतं, ते मला उशिरा कळलं. आपण दोघंही बरोबर होतो, आणि तुमचं बरोबर असणं माझ्या कामी आलं.

काल रात्रीपासून मनात घोळत होतं, ते आज दुपारी लिहून टाकलं. आबांना पत्र. आप्पांना माझ्याकडून कळलं, मीच सांगितलं, असं पहिल्या ओळीत लिहिलं. मग लिहिलं, 'तुम्ही मला घरी ठेवलंत तेव्हा तुम्हाला काय हवं होतं, आबा? मला खरंच जाणून घ्यायचं आहे.' आमच्या घरात असं कोणी कोणाला विचारत नाही. मी तर नाहीच.

टपालात टाकलं. उत्तर यायला आठ दिवस तरी लागतील. येईलच असंही नाही. आलं नाही तर पुन्हा विचारीन. तीनदा विचारायचं असतं, हे मी तुमच्याकडूनच शिकले.